शिळ्या हवेचे बळी

अमेरिकेतला एक कायदा २०२४च्या जूनमध्ये मुदत संपून बंद पडला आणि २०२५च्या जुलैत पुन्हा लागू झाला. शीतयुद्धाच्या काळात अण्वस्त्रांसाठी युरेनियम खणणारे कामगार आणि अणुचाचण्यांच्या झळा लागलेले लोक यांना भरपाई देणारा हा १९९०चा कायदा. त्यातले बरेच दावेदार नावाहो (ते स्वतःला दिने म्हणवतात) या मूलनिवासी समाजातले. हा विषय काढला की कुणी ना कुणी हुशारीने विचारतोच: युरेनियमचा खडा हातात धरला तरी काही होत नाही, मग भरपाई कसली?

खड्याबद्दलचं म्हणणं जवळपास खरं आहे, म्हणून तर ते फसवं आहे. युरेनियम-२३८ या त्याच्या मुख्य प्रकाराचं अर्धायुष्य (निम्मे अणू फुटून दुसऱ्या मूलद्रव्यात बदलायला, म्हणजे क्षय पावायला, लागणारा काळ) साडेचारशे कोटी वर्षांचं, म्हणजे जवळजवळ पृथ्वीच्या वयाइतकं. इतक्या सावकाश क्षय पावणारा पदार्थ दर सेकंदाला फार थोडे कण सोडतो, आणि त्यातून निघणाऱ्या अल्फा कणांना (हेलियमच्या केंद्रकासारख्या जड कणांना) आपल्या कातडीवरचा मृत पेशींचा थरसुद्धा ओलांडता येत नाही. खाणीत माणसं मेली ती या युरेनियमच्या वंशजांमुळे.

युरेनियमचा अणू १४ वेळा क्षय पावून अखेर स्थिर शिसं बनतो. वाटेत थोरियम येतं, रेडियम येतं आणि रेडियमपासून रेडॉन तयार होतो. या साखळीतला तेवढा एकच वायू. बाकीची भावंडं खडकात अडकून पडतात, रेडॉन मात्र भेगांतून बाहेर निसटतो. सुरुंग लावून खडक फोडला की त्याला आणखी हजार वाटा मिळतात.

रेडॉन हेलियम-निऑनच्या कुळातला, कुणाशी संयोग न करणारा. श्वासाबरोबर आत जातो आणि तसाच बाहेर पडतो. त्याचं अर्धायुष्य ३.८ दिवसांचं. श्वास छातीत तीनेक सेकंद राहतो असं धरून गणित केलं तर दीड लाख अणूंपैकी जेमतेम एखादा तिथे असताना क्षय पावेल. म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही! तज्ज्ञसुद्धा बराच काळ इथेच अडले होते. नुसत्या वायूवरून काढलेली किरणोत्सर्गाची मात्रा इतकी कमी भरायची, की तिच्यातून खाणकामगारांना एवढे फुफ्फुसाचे कर्करोग कसे होतात याचा मेळ बसत नव्हता.

तो मेळ १९५१मध्ये बसला. रोचेस्टर विद्यापीठाचे विल्यम बेल आणि अमेरिकी अणुऊर्जा आयोगाचे जॉन हार्ले यांनी लक्ष वेधलं ते रेडॉननंतरच्या मूलद्रव्यांकडे. रेडॉनचा अणू क्षय पावला की त्याचं पोलोनियम-२१८ होतं. हा वायू नाही, धातू आहे, तोही विद्युतभारित. तो हवेतल्या धुळीला, धुराला, पाण्याच्या सूक्ष्म थेंबांना चिकटतो आणि श्वासाबरोबर जाऊन श्वासनलिकेच्या फांद्यांवर बसतो. तिथला चिकट स्राव कचरा वर ढकलून बाहेर काढतो खरा, पण त्याला तास लागतात. पोलोनियम-२१८चं अर्धायुष्य आहे ३ मिनिटं. म्हणजे बाहेर पडण्याआधीच ते बसल्या जागी क्षय पावतं आणि ६ मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टचा (हे अणूंच्या जगातलं ऊर्जेचं एकक) अल्फा कण सोडतं. मग शिसं-२१४ (२७ मिनिटं), मग बिस्मथ-२१४ (२० मिनिटं), आणि मग पोलोनियम-२१४, जे सेकंदाचा हजारावा भागही टिकत नाही. जाताजाता ७.७ मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टचा दुसरा तडाखा देतं.

अल्फा कण ऊतींमध्ये फार तर ५० ते ७० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) शिरतो. कातडीवर ही मर्यादा आपल्याला वाचवते. श्वासनलिकेच्या अस्तरात मात्र विभाजन होणाऱ्या पेशी नेमक्या तेवढ्याच खोलीवर आहेत आणि त्यांच्यावर मृत पेशींचं चिलखत नाही.

आता मला यातला सर्वांत आवडणारा भाग. हे वंशज तयार व्हायला वेळ लागतो. खडकातून नुकत्याच निघालेल्या रेडॉनबरोबर ते जवळजवळ नसतात. हवा कोंडून राहिली तर तीनेक तासांत ते रेडॉनच्या बरोबरीला येतात. तेव्हा दोन बोगद्यांत रेडॉन अगदी सारखाच असला, तरी ताज्या हवेपेक्षा शिळी हवा कितीतरी पट घातक. मोठा पंखा लावून हवा दहा-पंधरा मिनिटांत बदलत ठेवली तर दुहेरी फायदा: रेडॉन विरळ होतो, आणि उरलेल्याला वंश वाढवायला फुरसत मिळत नाही. यासाठी १९५०च्या दशकात एक खास एकक ठरवलं गेलं, वर्किंग लेव्हल. एक लिटर हवेतले अल्पायुषी वंशज शेवटपर्यंत क्षय पावताना मिळून १.३ लाख मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्ट अल्फा-ऊर्जा सोडणार असतील, तर ती हवा १ वर्किंग लेव्हलची. अशा हवेत १७० तास काम केलं की १ वर्किंग लेव्हल महिना. आकडा डोक्यात राहिला नाही तरी हरकत नाही. हे एकक रेडॉन मोजत नाही, पुढे बसणार असलेला मार मोजतं, एवढं लक्षात ठेवावं.

खाणकामगारांचा हा आजार तसा जुनाच. जर्मनीतल्या श्नीबर्गच्या खाणींत कामगार छातीच्या रोगाने मरतात हे सोळाव्या शतकापासून माहीत होतं. तो फुफ्फुसाचा कर्करोग आहे हे हार्टिंग आणि हेस यांनी १८७९मध्ये दाखवलं. शेजारच्या बोहेमियात (आजच्या चेक प्रजासत्ताकात) योआखिमस्टाल इथेही तेच. गंमत अशी की त्याच गावात १९०६पासून रेडॉनच्या पाण्यात डुंबून सांधेदुखी घालवण्याचे स्नानगृह चालू आहे. खाणीत ज्याने माणसं मेली, त्याच्यासाठी वर पैसे मोजणारे गिऱ्हाईक! एके काळी रेडियमचं पाणीही टॉनिक म्हणून बाटल्यांत विकलं गेलं. अंधश्रद्धेला भस्म-अंगारा लागतोच असं नाही, विज्ञानातला एखादा नवा शब्दही पुरतो.

नावाहो भूमीवर, म्हणजे ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा यांच्या सांध्यावर, १९४४ ते १९८६ या काळात सुमारे ३ कोटी टन युरेनियम खनिज निघालं. खाणी खासगी कंपन्यांच्या, पण दीर्घकाळ गिऱ्हाईक एकच: सरकारचा अणुऊर्जा आयोग. कोव्ह, रेड व्हॅली, शिपरॉक भागातल्या मेंढपाळांना घराजवळ रोजगार मिळाला. सुरुंगाची धूळ बसण्याआधीच त्यांना आत पाठवलं जाई. धूळ दाबायला पाणी न मारता कोरडं ड्रिलिंग चाले. तहान लागली की खाणीत झिरपणारं पाणी पीत. धुळीने माखलेले कपडे घरी जात, तिथे बायका ते धूत.

सरकारच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने १९५०मध्ये या कामगारांचा अभ्यास सुरू केला. डंकन होलाडे यांनी खाणींतली हवा मोजली, आणि १९५२च्या अंतरिम अहवालात वायुवीजन हवं असं म्हटलं गेलं. म्हणजे रोग माहीत, यंत्रणा माहीत, उपाय माहीत. पण खाणींत प्रवेश मिळावा म्हणून कामगारांना धोका सांगायचा नाही, असं कंपन्यांशी ठरलं होतं. डॉक्टर दर काही वर्षांनी यायचे, रक्त-लघवी तपासायचे आणि जायचे. खाणींची सुरक्षितता आपल्या अखत्यारीत नाही, ती राज्यांची बाब, असं अणुऊर्जा आयोग म्हणत राहिला. मजूरमंत्री विलर्ड वर्ट्झ यांनी १९६७मध्ये हा विषय रेटला, आणि वर्षाला ४ वर्किंग लेव्हल महिन्यांची मर्यादा लागू व्हायला १९७१ उजाडलं. पंख्याचं तंत्रज्ञान काही त्या वीस वर्षांत शोधायचं नव्हतं.

‘सिगारेटमुळे झालं असेल’ हा बचाव इथे फारसा टिकत नाही, कारण नावाहोंमध्ये धूम्रपान कमी. १९६९ ते १९८२ या काळात फुफ्फुसाचा कर्करोग झालेल्या ३२ नावाहो पुरुषांपैकी ७२ टक्के युरेनियम खाणीत काम केलेले निघाले. तुलनेसाठी घेतलेल्या पुरुषांत तशी नोंद असलेला एकही नव्हता. रोगांची कारणं शोधताना इतकं स्वच्छ उत्तर क्वचित मिळतं. तरीही भरपाईच्या कायद्याने विधवांकडे विवाहाचा दाखला मागितला, आणि पारंपरिक पद्धतीने लग्न झालेल्यांकडे तो कुठून असणार?

खाणीबाहेरचा भाग थोडक्यात. खनिजातून युरेनियम काढून घेतल्यावर उरलेल्या चोथ्यात मूळ किरणोत्सारापैकी सुमारे ८५ टक्के शिल्लक राहतो. जवळजवळ सगळे वंशज त्यातच असतात ना. थोरियम-२३०चं अर्धायुष्य ७५ हजार वर्षांचं, आणि रेडियम त्याच्यापासूनच होतं, त्यामुळे रेडियम आणि रेडॉन हजारो वर्षं तयार होतच राहणार. १६ जुलै १९७९ रोजी न्यू मेक्सिकोतल्या चर्च रॉक इथे अशाच चोथ्याच्या तळ्याचा बांध फुटला. ११०० टन घन कचरा आणि सुमारे ३५ कोटी लिटर आम्लयुक्त पाणी पुएर्को नदीत गेलं, जिथे नावाहोंची गुरं पाणी पीत. त्याच वर्षी मार्चमध्ये झालेल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्राच्या अपघातावर कपाटं भरतील इतकं लिहिलं गेलं. चर्च रॉक किती जणांनी ऐकलंय? नावाहो भूमीवर पाचशेहून जास्त सोडून दिलेल्या खाणी आहेत. काहींचे दगड घरांच्या भिंतींत गेले. नावाहो सरकारने २००५मध्ये आपल्या हद्दीत युरेनियम खाणकामालाच बंदी घातली.

आपल्याकडे हा प्रश्न झारखंडच्या पूर्व सिंहभूममध्ये आहे, जादुगोडाला. ती खाण १९६७पासूनची, आसपासची गावं संथाल, हो, मुंडा लोकांची. तिथलं खनिज हलक्या प्रतीचं, हजार किलोतून किलोभरही युरेनियम निघत नाही. बाकी सगळा चोथा. त्यातला जाडसर भाग खाणीत परत भरतात, बारीक गाळ तळ्यांत जातो. अशाच एका तळ्यासाठी १९९६मध्ये चाटीकोचा गावातली घरं पाडली गेली. आपल्या महाराष्ट्राचा थेट संबंध आहे: तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या अणुभट्ट्या देशी युरेनियमवर चालतात.

जादुगोडाचं नाव काढलं की व्यंग असलेल्या मुलांचे फोटो फिरतात. २००७मध्ये डॉक्टरांच्या एका संघटनेच्या पाहणीत जन्मजात व्यंगांचं प्रमाण जास्त आढळलं, खाण कंपनीला ते मान्य नाही. माझं मत विचाराल तर किरणोत्सर्ग आणि जन्मजात व्यंग हा दुवा सिद्ध करायला फार अवघड, कारण कुपोषण, दारिद्र्य, दूषित पाणी सगळं त्यात मिसळलेलं असतं. फुफ्फुसाचा कर्करोग मात्र फोटोत दिसत नाही, वीस-तीस वर्षांनी येतो, आणि खेड्यातल्या दवाखान्यात टीबी समजून त्यावर उपचार होण्याची शक्यता बरीच असते. जमिनीखाली राबलेल्या प्रत्येक कामगाराच्या, कंत्राटीसुद्धा, आयुष्यभराच्या वर्किंग लेव्हल महिन्यांची बेरीज आणि त्याच्या मृत्यूचं कारण हे दोन रकाने शेजारीशेजारी मांडून प्रसिद्ध केले, तर वादातला बराच धुरळा खाली बसेल. कुंपणाबाहेरचा गामा किरणांचा (दूरवर जाणाऱ्या भेदक किरणांचा) आकडा नैसर्गिक पातळीइतकाच आहे, असं कुणी सांगितलं तरी ते या प्रश्नाचं उत्तर नाही. बोगद्यातला अल्फा कण कुंपणापर्यंत पोहोचतच नसतो.