धोटा, कांडी आणि तिसरी मिती

थ्रीडी मॉडेलिंग, म्हणजे संगणकावर वस्तूचा त्रिमितीय आकार घडवणं, शिकायचं ठरलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, कोणतं सॉफ्टवेअर घेऊ? मला वाटतं, त्याआधी विचारायला हवं की कोणती वस्तू घेऊ. सोलापुरात राहणाऱ्याला या प्रश्नाच्या उत्तरासाठी लांब जावं लागत नाही. पूर्व भागात ज्या घरी माग आहे किंवा कधीकाळी होता, तिथे माळ्यावर एखादा जुना धोटा (मागावर आडवा धागा घेऊन ये-जा करणारा) आणि दोन-चार कांड्या (धोट्यात बसणाऱ्या, तो धागा गुंडाळलेल्या) बहुधा असतातच. आपल्या घरी नसतील तर ओळखीच्या कारखान्यातून झिजून बाजूला टाकलेल्या मागून आणाव्यात. नवशिक्याला पहिल्या काही महिन्यांत जे जे शिकायचं असतं, ते जवळजवळ सगळं या दोन वस्तूंमध्ये आहे.

संगणकाला वस्तू कळते म्हणजे काय, ते आधी पाहू. ब्लेंडर हे सॉफ्टवेअर उघडलं की समोर एक करडा ठोकळा दिसतो. संगणकाच्या लेखी तो ठोकळा म्हणजे आकड्यांची एक यादी. ठोकळ्याला ८ कोपरे, प्रत्येक कोपऱ्याचे तीन आकडे: डावीकडे-उजवीकडे किती, पुढे-मागे किती, वर-खाली किती. झाले २४ आकडे. कोणता कोपरा कोणत्या कोपऱ्याला जोडलेला आहे, याची नोंद म्हणजे १२ कडा, आणि कडांनी वेढलेली ६ पृष्ठं. मॉडेल कितीही गुंतागुंतीचं असलं तरी त्याच्या तळाशी याच तीन गोष्टी असतात.

जकार्डच्या मागासाठी, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागासाठी, नक्षी काढणाऱ्यांना ही रीत परकी वाटणार नाही. आलेखाच्या कागदावरचा एकेक चौकोन म्हणजे ताण्याचा (उभा) धागा वर की खाली, एवढाच निर्णय. तो निर्णय पुठ्ठ्याच्या कार्डावर भोक पाडून मागाला सांगायचा, ही जोसेफ मारी जकार्डने १८०४ मध्ये सिद्ध केलेली पद्धत. सोलापुरी चादरीवरचं फूल विणलं जाण्याआधी चौकटींचा हिशेब झालेलं असतं. मॉडेलिंगमध्ये याच हिशेबात तिसरी दिशा येते.

या आकड्यांची गंमत ऑयलर या गणितज्ञाने अठराव्या शतकात दाखवून दिली. कोपऱ्यांच्या संख्येतून कडांची संख्या वजा करा आणि त्यात पृष्ठांची मिळवा. ठोकळ्यासाठी ८ वजा १२ अधिक ६, म्हणजे २. आता ठोकळ्याचं एक पृष्ठ धरून बाहेर ओढा. याला एक्सट्रूड म्हणतात आणि मॉडेलिंगमध्ये सर्वांत जास्त वापरलं जाणारं काम हेच. आता कोपरे १२, कडा २०, पृष्ठं १०. उत्तर पुन्हा २. ओढा, दाबा, कापा, आकार आतून अखंड आहे तोवर उत्तर बदलत नाही. आरपार एक भोक पाडलं की मात्र ते ० होतं. ब्लेंडरमध्ये हे तिन्ही आकडे पडद्यावर दाखवण्याची सोय आहे. सुरुवातीला ती चालू ठेवाच, कारण आपण केलेल्या प्रत्येक कृतीने यादीत काय बदललं हे तिथे दिसत राहतं.

सॉफ्टवेअरचा प्रश्न आता सुटतो, कारण वस्तूचं पुढे काय करायचं यावर तो अवलंबून आहे. वस्तू प्रत्यक्ष घडवायची असेल, तिची मापं अचूक हवी असतील, तर मापांवर चालणारं सॉफ्टवेअर लागतं. फ्रीकॅड हे त्यातलं मोफत आणि मुक्त. त्यात तुम्ही रेघ मारता आणि तिला २५ मि.मी. असं माप बांधता. उद्या २५ चे २४ केले की पुढचं सगळं त्याप्रमाणे सरकतं. वस्तू फक्त दाखवायची असेल, चित्रात, जाहिरातीत किंवा अॅनिमेशनमध्ये, तर ब्लेंडर. तिथे तुम्ही बिंदू आणि पृष्ठं मातीसारखी थेट हाताळता. शाळेतल्या मुलांसाठी टिंकरकॅड चांगलं. ते ब्राउझरमध्येच चालतं, ठोकळे एकमेकांत घालायचे किंवा एकातून दुसरा वजा करायचा, इतकं सोपं. तिन्ही एकदम शिकायला घेऊ नका.

ब्लेंडर मोफत कसं, याची हकिगत प्रत्येक शिकणाऱ्याला माहीत असावी असं मला मनापासून वाटतं. नेदरलँड्समधल्या टॉन रोसेनडाल यांनी ते आपल्या अॅनिमेशन स्टुडिओसाठी लिहायला घेतलं. पुढे ते विकणारी कंपनी २००२ मध्ये बुडाली. तेव्हा वापरणाऱ्यांनीच जगभरातून सात आठवड्यांत १ लाख युरो जमवले, गुंतवणूकदारांकडून त्याचे हक्क सोडवून घेतले आणि ते सर्वांसाठी खुलं केलं. आज सोलापुरातली एखादी विद्यार्थिनी एक रुपयाही न देता तेच साधन वापरते, जे मोठमोठे स्टुडिओ वापरतात.

आता कांडी हातात घ्या. काही जण तिला बॉबिन म्हणतात. एका बाजूला जाड आणि टोकाकडे निमुळती, कारण धागा टोकावरून सुटत जातो आणि तो कुठे अडू नये. तिचं लाकूड कातून गोल केलेलं, म्हणून ती कोणत्याही बाजूने फिरवली तरी सारखीच दिसते. अशा वस्तूचं मॉडेल करायला पूर्ण वस्तू काढायची गरजच नसते. मधोमध एक अक्ष धरायचा, अक्षाच्या एकाच बाजूची बाह्यरेषा काढायची आणि ती अक्षाभोवती ३६० अंश फिरवायची. फ्रीकॅडमध्ये याला रिव्हॉल्व्ह म्हणतात, ब्लेंडरमध्ये स्पिन. तांब्या, समई, दौत, पोळपाटाचं लाटणं, हे सगळं याच एका युक्तीत येतं.

बाह्यरेषेसाठी मापं घ्यावी लागतील. व्हर्नियर कॅलिपर असेल तर उत्तम, नसेल तर पट्टी आणि दोरा. लांबी मोजा, मग जिथे जिथे जाडी बदलते तिथला व्यास मोजून कागदावर मांडा. व्यासाचं निम्मं करायला विसरू नका, रेषा अक्षापासून त्रिज्येइतकीच दूर असते. नवशिक्यांची पहिली कांडी दुप्पट जाड होते ती नेमकी इथे.

ब्लेंडर वापरत असाल तर इथे एक प्रश्न उभा राहतो. बाह्यरेषेत १० बिंदू असतील आणि फिरवताना ३२ पायऱ्या घेतल्या, तर ३२० बिंदू आणि २८८ चौकोन तयार होतात. म्हणजे ही कांडी खऱ्या अर्थाने गोल नाहीच, ती ३२ बाजूंची आहे. मग हे चालतं का? हिशेब करता येतो. व्यास २५ मि.मी. धरला तर ३२ बाजूंची आकृती खऱ्या वर्तुळाच्या जास्तीत जास्त ०.०६ मि.मी. आत राहते. डोळ्याला ते कळणार नाही. ८ बाजू घेतल्या तर हाच फरक जवळजवळ १ मि.मी. होतो आणि कोपरे उघड दिसतात. किती बिंदू पुरेसे, हे ठरवणं ही या कामातली खरी समज आहे. बिंदू वाढवले की मॉडेल जड होतं आणि नंतर दुरुस्त करणं अवघड जातं. त्यामुळे कमीत कमी बिंदूंत भागवायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

धोट्याची गोष्ट वेगळी. तो कातलेला नाही, होडीसारखा कोरलेला आहे: दोन्ही टोकं निमुळती, त्यांना पोलादी टोप्या, मध्ये कांडी बसायची पोकळी आणि एका बाजूला धागा बाहेर यायचा डोळा. याची सुरुवात त्या करड्या ठोकळ्यापासूनच होते. कीबोर्डवर एस आणि मग एक्स दाबून ठोकळा लांब करा. लूप कट घेऊन टोकांजवळ नव्या कडा आणा, शेवटची पृष्ठं लहान करा, टोकं निमुळती होतील. वरच्या पृष्ठात इनसेट करून आत दुसरी चौकट काढा आणि ती खाली ढकला, पोकळी तयार. धारदार कडा बेव्हल देऊन थोड्या बोथट करा, कारण हाताळलेल्या लाकडाची कडा कधीच सुरीसारखी नसते.

बाहेरून धोटा दोन्ही अंगांनी सारखा असतो, म्हणून अर्धाच करा आणि उरलेला अर्धा मिरर मॉडिफायरला, म्हणजे आरशासारखं प्रतिबिंब काढणाऱ्या सोयीला, करू द्या. डोळा मात्र एकाच बाजूला असतो. त्यामुळे आधी सगळा सारखा भाग पूर्ण करायचा, मग मिरर कायम करून टाकायचा आणि शेवटी डोळा पाडायचा. क्रम चुकला तर धोट्याला दोन डोळे येतात. कोणतं काम कोणत्या कामाच्या आधी, हा विचार बटणं पाठ करून येत नाही. भोक पाडल्यावर ऑयलरचं गणित एकदा करून बघा.

सुरुवातीचे काही दिवस सगळ्यांनाच एक त्रास होतो. पडदा सपाट असतो, वस्तू तिथे फिरते आणि पुढचं कोणतं, मागचं कोणतं हे मनात ठरेना. बिंदू उजवीकडे सरकवला असं वाटतं आणि फिरवून पाहावं तर तो कोसभर मागे गेलेला असतो. यावरून स्वतःला कमी लेखू नका. रॉजर शेपर्ड आणि जॅकलिन मेट्झलर यांनी १९७१ मध्ये लोकांना ठोकळ्यांच्या चित्रांच्या जोड्या दाखवून दोन्ही आकार एकच आहेत का, असं विचारलं होतं. चित्रं एकमेकांपासून जितकी जास्त फिरवलेली, तितका उत्तराला वेळ जास्त लागला, तोही सरळ प्रमाणात. मनातल्या मनात वस्तू फिरवण्याचा वेग सेकंदाला साधारण ६० अंश निघाला. म्हणजे हे मेंदूचं प्रत्यक्ष काम आहे आणि त्याला वेळ लागतोच. पुढे २०१३ मध्ये २१७ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात ही क्षमता सरावाने वाढते आणि वाढलेली टिकते असं दिसून आलं. मुलींना किंवा कला शाखेच्या मुलांना हे जमत नाही, असं अजूनही काही पालक सहज बोलून जातात. त्यांनी हा निष्कर्ष जरूर लक्षात घ्यावा.

तोवर दोन उपाय. तीन बटणांचा साधा माउस घ्या, टचपॅडवर हे शिकणं म्हणजे विनाकारण छळ. आणि बिंदू हलवताना नेहमी दिशा बांधून घ्या: जी दाबल्यावर एक्स, वाय किंवा झेड. मोकळा बिंदू हलवूच नका.

मोजून घडवण्याच्या या वाटेवर थोर मंडळी चालून गेली आहेत. १९७५ मध्ये युटा विद्यापीठात मार्टिन न्यूएल यांना संगणकावर काढून बघायला एक चांगला वक्र आकार हवा होता. पत्नीने घरातली चहाची किटली सुचवली. त्यांनी ती आलेखाच्या कागदावर रेखाटली आणि तिचे वक्र ठरवणाऱ्या बिंदूंचे आकडे संगणकाला दिले. ती किटली पुढे संगणकीय चित्रकलेतली सर्वांत प्रसिद्ध वस्तू झाली, आणि मूळ किटली आज कॅलिफोर्नियातल्या संगणक इतिहास संग्रहालयात आहे.

यूट्यूबवरचे धडे जरूर पाहा, पण धडा संपला की तो बंद करून वेगळी वस्तू करा. डोनटचा धडा पाहिलात तर अनारसा करा. धड्याबरोबर पावलं टाकत केलेलं मॉडेल सुंदर होतं, पण त्यातले निर्णय दुसऱ्याने घेतलेले असतात. लॅपटॉपबद्दल फार काळजी नको. ब्लेंडरला किमान ८ जीबी रॅम लागते, कांडी आणि धोट्यासाठी त्याहून जास्त काही नको. फक्त आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये लांबलचक रेंडर (मॉडेलवरून संगणकाने अंतिम चित्र तयार करणं) भर दुपारी लावू नका. यंत्र तापलं की स्वतःचा वेग स्वतःच कमी करतं. रात्री लावा.

कांडी थ्रीडी प्रिंटरवर छापून पाहायची असेल तर फाइल बहुधा एसटीएल स्वरूपात द्यावी लागते. त्या फाइलमध्ये फक्त त्रिकोण असतात, एकक नसतं. १८० हा आकडा मिलिमीटर की इंच, हे फाइल सांगत नाही, म्हणून छापणाऱ्याला तोंडी सांगा. मॉडेलला कुठे फट राहिलेली नसावी, नाहीतर आत काय आणि बाहेर काय हे प्रिंटरच्या सॉफ्टवेअरला ठरवता येत नाही. छपाईत वापरलं जाणारं पीएलए हे स्वस्त प्लास्टिक साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ पडतं. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ती कांडी विसरलात तर ती वाकडी मिळेल. चालत्या मागावर तर ती लावूच नका, धोट्याचा वेग आणि मार फार असतो.

हाताने बसवून बघायला हरकत नाही. धोट्यात ती नीट बसावी म्हणून मापात ०.२ ते ०.४ मि.मी. सैलपणा ठेवावा लागतो, नेमका किती ते प्रिंटरनुसार बदलतं. म्हणून पूर्ण कांडी छापण्याआधी फक्त तिच्या बुडाचा १५ मि.मी. तुकडा छापून घ्या. बसण्याचा निकाल तिथेच लागतो, आणि घट्ट झाला तर फ्रीकॅडमधला एकच आकडा बदलावा लागतो.