डोंगरभटकंतीतील निसर्गछायाचित्रण, ब्रिटनमधील

ब्रिटनच्या डोंगराळ मुलखात पायी हिंडताना, पाठीवर नेता येईल तेवढ्याच साधनांनी निसर्गदृश्ये टिपण्याची प्रथा. रस्त्याकडेला गाडी थांबवून काढलेली चित्रे यात सहसा धरत नाहीत. इंग्लंडमधील लेक डिस्ट्रिक्ट, वेल्समधील स्नोडोनिया आणि स्कॉटलंडचा हायलंड ही तिची मुख्य क्षेत्रे. स्कॅफेल पाइक (९७८ मी.), स्नोडन (१,०८५ मी.) आणि बेन नेविस (१,३४५ मी.) ही तिन्ही शिखरे कळसूबाईपेक्षा ठेंगणी आहेत, पण वरचे उतार जवळजवळ वृक्षहीन असल्याने दृष्टी लांबवर जाते.

उगम : याबाबत एकमत नाही. एक मत या प्रथेला अठराव्या शतकातील ‘पिक्चरेस्क’, म्हणजे चित्रासारखे दिसते ते सुंदर, या कल्पनेशी जोडते. विल्यम गिल्पिनने ती रूढ केली. टॉमस वेस्टच्या १७७८ मधील लेक डिस्ट्रिक्ट मार्गदर्शिकेत कोणते दृश्य कोठे उभे राहून पाहावे याची ‘ठाणी’ नेमून दिली होती. विंडरमियर सरोवराच्या पश्चिम काठावरील क्लेफच्या ठाण्यावर पुढे इमारतही उभी राहिली. तिच्या खिडक्यांना रंगीत काचा होत्या. नारिंगी काचेतून पाहिले की ऐन उन्हाळ्यात शरद दिसे. प्रवासी ‘क्लोद काच’ही बाळगत. हा किंचित फुगीर, काळपट आरसा. देखाव्याकडे पाठ करून तो आरशात पाहायचा. दृश्य आटोपशीर होई आणि रंग मवाळ होत. कवी टॉमस ग्रे १७६९ मध्ये लेक डिस्ट्रिक्टमधील केझिक गावाच्या परिसरात असा आरसा उघडा धरून चालताना चिखलात पाठीवर पडला आणि बोटांच्या सांध्यांना खरचटण्यावर निभावले. कॅमेऱ्यात डोळा घालून मागे सरकणाऱ्यांचे अपघात आजही याच जातीचे असतात.

दुसरे मत ही प्रथा गिर्यारोहकांकडून आली असे मानते. फ्रेडरिक स्कॉट आर्चरच्या १८५१ मधील कलोडियन पद्धतीत काचेवर लेप देणे, चित्र घेणे आणि ते धुणे हे सारे लेप ओला असतानाच, साधारण दहा मिनिटांत उरकावे लागे. अंधारखोली सोबत न्यावी लागत असल्याने छायाचित्रकार रॉजर फेंटनची १८५७ मधील वेल्सची चित्रे बहुतांशी नदीखोऱ्यांतली आहेत, माथ्यांवरची नाहीत. रिचर्ड मॅडॉक्सने १८७१ मध्ये कोरडी काच सुचवल्यावर ही अडचण हळूहळू सुटली. केझिकचे जॉर्ज आणि ॲश्ली एब्राहम हे बंधू १८९० च्या दशकापासून सुमारे १६.५ × २१.६ सेंमी.च्या काचा घेऊन थेट कड्यांवर जाऊ लागले. चौकट कशी बांधावी हे पिक्चरेस्कने शिकवले हे खरे. मात्र वेस्टची ठाणी बहुधा सरोवरांच्या आसपास होती आणि आजचा छायाचित्रकार ज्या धारांवर उभा राहतो तेथे ते प्रवासी क्वचितच जात. त्यामुळे दुसरे मत अधिक पटण्याजोगे आहे. पुढे व्यवसायाने अत्तरतज्ज्ञ असलेल्या डब्ल्यू. ए. पाउचरने छोटा लायका कॅमेरा डोंगरात रुळवला.

प्रकाश आणि वेळ : लेक डिस्ट्रिक्ट सु. ५४.५° उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरअखेर भर दुपारीही सूर्य क्षितिजाच्या जेमतेम १२° वर असतो. म्हणून दिवसभर तिरपे ऊन मिळते, पण उत्तराभिमुख हिमगव्हरांत (हिमनदीने कोरलेल्या वाटीसारख्या खोलगट भागांत) कित्येक आठवडे ऊन पोचतच नाही. जूनमध्ये सूर्यास्त रात्री साडेनऊनंतर होतो, म्हणजे संध्याप्रकाश हवा असणाऱ्याला उतरण काळोखातच करावी लागते. नेस्मिथच्या नियमाने (१८९२) ताशी ५ किमी. चाल आणि दर ६०० मी. चढाईस एक तास जादा धरतात. त्यात थांबे नाहीत. ट्रायपॉड मांडून चित्र घ्यायला १५-२० मिनिटे सहज जातात. असे चार थांबे झाले की एक तास गेला. वेळ चुकते ती बहुधा इथेच.

साधने आणि चुका : पिशवीच्या तळाशी ठेवलेला कॅमेरा पावसात बाहेर निघत नाही, तो खांद्याच्या पट्ट्याला अडकवलेला बरा. फुल फ्रेम (३५ मिमी. फिल्मच्या चौकटीएवढा संवेदक असलेल्या) कॅमेऱ्यावर २४ मिमी. लेन्स, छिद्र (ॲपर्चर) एफ/११ आणि फोकस सु. १.७५ मी.वर ठेवला, तर ९० सेंमी.वरच्या दगडापासून दूरच्या शिखरापर्यंत सारे रेखीव येते. एफ/१६ च्या पुढे, म्हणजे छिद्र आणखी लहान केल्यास, विवर्तनाने (प्रकाश कडांशी वळून पसरल्याने) तपशील मऊ पडतो. ट्रायपॉड स्थिर करण्यासाठी मधल्या दांड्याला सॅक टांगतात. ती अधांतरी ठेवली तर वाऱ्यात लंबकासारखी झुलते आणि उलट थरथर वाढवते. तिचा तळ जमिनीला टेकलेला हवा. आकाश उजळ म्हणून निम्मा गडद फिल्टर लावताना कठोर रेषेचा निवडला, तर रेषेच्या वर आलेले शिखर काळे पडते. डोंगरात सौम्य उताराचा चालतो. पोलरायझर फिल्टर ओल्या दगडांवरची आणि ब्रॅकन नेच्यांवरची चमक घालवतो, पण रुंद लेन्सवर निळ्या आकाशात गडद पट्टा उमटवतो. बर्फात कॅमेऱ्याचा प्रकाशमापक फसून चित्र काळवंडते, म्हणून प्रकाश १ ते २ स्टॉप (दर स्टॉपला दुप्पट) वाढवावा लागतो. थंडीत बॅटरी आतल्या खिशात ठेवतात. उबदार घरात शिरण्यापूर्वी कॅमेरा हवाबंद पिशवीत घालतात, नाहीतर लेन्सवर बाष्प धरते.

धुके : थंड, निवांत रात्रीनंतर दऱ्यांत ढग साचून माथे वर उरतात. सूर्य पाठीशी आणि ढग समोर असताना आपली सावली ढगावर पडून तिच्या डोक्याभोवती रंगीत कडी दिसतात. हरिश्चंद्रगडावरचे इंद्रवज्र ते हेच. भौतिकशास्त्रज्ञ सी. टी. आर. विल्सनने १८९४ मध्ये बेन नेविसच्या वेधशाळेत हे पाहिले आणि ते प्रयोगशाळेत घडवू पाहताना मेघकोष्ठाकडे (विद्युतभारित कणांचे मार्ग दाखवणाऱ्या बाष्पपेटीकडे) वळला. त्याबद्दल त्याला १९२७ चे नोबेल मिळाले. चित्र घेताना सावलीचे डोके चौकटीत ठेवावे लागते, कारण कड्यांचे केंद्र तेच असते; शेजारी उभ्या सोबत्याला कडी त्याच्याच डोक्याभोवती दिसतात.

वाटेचा हक्क : इंग्लंड-वेल्समध्ये २००० च्या कायद्याने नकाशावर नोंदलेल्या मोकळ्या डोंगराळ जमिनीवर पायी हिंडता येते, पण व्यावसायिक कामाला तो हक्क लागू नाही. स्कॉटलंडच्या २००३ च्या कायद्यात, जे काम हौसेनेही करता येते ते व्यवसाय म्हणूनही करता येते. विकण्यासाठी काढलेले छायाचित्र त्यात बसते.