बिडाच्या हाडांचे हॉटेल

मुंबईत काळा घोडा परिसरात, जहांगीर कलादालनाच्या बाजूने महात्मा गांधी मार्गापलीकडे पाहिले की एस्प्लनेड मॅन्शन नावाची एक थकलेली, रया गेलेली इमारत दिसते. जवळच डेव्हिड ससून ग्रंथालयाच्या दगडी कमानी असल्यामुळे तिचे दारिद्र्य अधिकच उठून दिसते. ही इमारत म्हणजे एकेकाळचे वॉटसन्स हॉटेल होय. तिच्याविषयी लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण दोन गोष्टी सांगतो. पहिली म्हणजे, पॅरिसमधल्या पहिल्या जाहीर खेळानंतर जेमतेम सहा महिन्यांनी, 7 जुलै 1896 रोजी, लुमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातला पहिला खेळ येथे एक रुपया तिकिटावर झाला. दुसरी, जमशेटजी टाटांना येथे प्रवेश नाकारला गेला आणि त्या अपमानातून ताजमहाल हॉटेल उभे राहिले. पहिली गोष्ट इतिहास आहे. दुसऱ्या गोष्टीकडे अभ्यासक आख्यायिका म्हणूनच पाहतात. मला मात्र वाटते की या दोन्ही गोष्टींच्या गर्दीत इमारतीचे खरे मोल झाकले जाते. ते मोल तिच्या सांगाड्यात आहे, आणि तिचे दुखणेही त्याच सांगाड्यात आहे.

1860 च्या दशकात, बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना, मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी पाडण्यात आली आणि मोकळ्या झालेल्या एस्प्लनेड या किल्ल्यासमोरच्या मैदानावरचे भूखंड विक्रीस निघाले. जॉन वॉटसन या कापडाच्या व्यापाऱ्याने त्यांतला एक घेतला. आधी त्याच्या मनात कापडाचे भव्य दालन काढायचे होते, पण पुढे बेत बदलून तेथे हॉटेल झाले. आराखडा केला तो रोलंड मेसन ऑर्डिश या इंग्रज स्थापत्य अभियंत्याने. लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकाच्या प्रचंड लोखंडी छताच्या कामात त्याचा हात होता, आणि थेम्सवरचा अल्बर्ट पूलही त्याचाच. अशा माणसाने हॉटेल काढले तर ते पुलासारखेच निघणार! खांब आणि तुळया इंग्लंडमधल्या डर्बी येथील कारखान्यात तयार झाल्या, जहाजाने मुंबईत आल्या आणि 1867 ते 1869 या काळात येथे जोडल्या गेल्या. 1871 मध्ये हॉटेल सुरू झाले, तेव्हा त्यात सुमारे 130 खोल्या होत्या. भिंती उठण्यापूर्वीचा तो नुसता लोखंडी सापळा पाहून त्या काळी कोणीतरी त्याला पक्ष्याच्या अवाढव्य पिंजऱ्याची उपमा दिली होती, आणि ती अगदी चपखल होती.

पिंजराच का, हे समजून घेण्यासारखे आहे. त्या काळच्या बहुतेक इमारतींत वजन भिंती पेलत. इमारत जितकी उंच, तितकी तळमजल्याची भिंत जाड ठेवावी लागे. वॉटसन्समध्ये मजल्यांचेच नव्हे, तर बाहेरच्या विटांच्या भिंतींचे वजनही लोखंडी सांगाड्यावर सोपवलेले होते. विटा तेथे पडद्याचे काम करतात; त्या काढल्या तरी सांगाडा उभा राहावा, अशी ही योजना होती. आजच्या प्रत्येक टॉवरचे तत्त्व हेच आहे. गगनचुंबी इमारतींच्या इतिहासात ज्या शिकागोचे नाव पहिल्यांदा घेतले जाते, तेथली होम इन्शुरन्स इमारत 1885 ची होती, म्हणजे वॉटसन्स त्याहून दीड दशक जुने. लोकांनी राहण्यासाठी बांधलेल्या बहुमजली इमारतींत अशा संपूर्ण सांगाड्याचे इतके जुने उदाहरण जगात क्वचितच सापडते.

या सांगाड्यात दोन प्रकारचे लोखंड आहे, आणि त्यांतला फरक आपल्या स्वयंपाकघरातही कळतो. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तवा वर्षानुवर्षे झिजत नाही, पण हातून निसटून फरशीवर पडला तर त्याचे दोन तुकडे होतात. पोलादी तव्याला फार तर पोचा येतो. बिडात साधारण 2 ते 4 टक्के कार्बन असतो आणि त्यातला बराचसा ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात धातूत विखुरलेला असतो. दाब दिला की हे पापुद्रे मिटतात आणि बीड तो दाब निमूटपणे सोसते. ताण दिला की मात्र प्रत्येक पापुद्रा तयार भेगेसारखा वागतो. म्हणून बीड खांबांना योग्य, कारण खांबांवर मुख्यतः दाबच येतो. तुळईचे तसे नसते. वजनाने वाकणाऱ्या तुळईची वरची कड दाबली जाते आणि खालची ताणली जाते, म्हणून तिच्यासाठी घडीव लोखंड वापरले गेले. त्यात कार्बन नगण्य असतो आणि धातुमळीचे (लोखंड गाळताना उरणाऱ्या मळाचे) धागे लाकडाच्या रेषांसारखे लांबीच्या दिशेने पसरलेले असतात, त्यामुळे ते ताणही सोसते. बांधकामात पोलाद सर्रास वापरले जाण्याआधीचा तो काळ होता. ऑर्डिशच्या हाती हीच जोडी होती.

राहिला प्रश्न वाऱ्याचा. चार काठ्या खिळ्यांनी ठोकून चौकट केली आणि बाजूने ढकलली की ती कलते. ती सरळ राहावी म्हणून एकतर तिरपी काठी ठोकावी लागते किंवा कोपरे तरी घट्ट आवळावे लागतात. खिडक्या-गॅलऱ्यांच्या हॉटेलात तिरप्या काठ्या कोण चालवून घेणार? म्हणून खांब-तुळईचे सांधेच ताठ ठेवले गेले, आणि अरबी समुद्रावरून येणाऱ्या पावसाळी वाऱ्याचा जोर पेलण्याची मोठी जबाबदारी या सांध्यांवर आली.

नेमके हे सांधेच समुद्राजवळच्या हवेत सर्वांत आधी दुखू लागतात. मुंबईच्या हवेतले मीठ ओल धरून ठेवते आणि त्यातले क्लोराइड गंजाची प्रक्रिया भराभर पुढे नेते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट, साधारण 2 ते 6 पट, जागा व्यापतो. त्यामुळे दोन पट्ट्यांच्या फटीत साचलेला गंज पाचरीसारखे काम करतो. पट्ट्या जोडणारे रिव्हेट उपटतो, विटा ढकलतो, सज्जाचा ओतीव भाग तडकवतो. लोखंडाचे असे फुगलेले तोंड जवळून पाहिले तर खारी बिस्किटाच्या पदरांसारखे थरांवर थर दिसतात आणि नख लावले की तपकिरी पापुद्रा हातात येतो.

बिडाचा आणखी एक आजार अधिक फसवा आहे. सतत ओल असलेल्या जागी त्यातले लोखंड हळूहळू झिरपून जाते आणि ग्राफाइटची जाळी मात्र जागेवर राहते. खांबाचा आकार, नक्षी, कडा सगळे जसेच्या तसे दिसते, पण चाकूने खरवडले की पेन्सिलीच्या शिशासारखा काळा भुगा निघतो. नुसत्या डोळ्यांनी केलेल्या पाहणीवर विसंबू नये, ते यासाठी.

या दुखण्यांत माणसांनीही भर घातली. ताज 1903 मध्ये सुरू झाले आणि वॉटसन्सची सद्दी संपली. विसाव्या शतकात हॉटेल बंद पडले, मालकी बदलली, प्रशस्त दालनांचे खुराडे झाले. जवळच न्यायालय असल्यामुळे वकिलांची कार्यालये आली, त्यांच्यामागोमाग झेरॉक्सवाले आणि टपऱ्या. पोटमाळे, पार्टिशन, वातानुकूलन यंत्रे, नव्या नळजोडण्या आणि त्यांची गळती, हे सारे त्याच जुन्या तुळयांवर आले. कागदाचे गठ्ठे किती जड असतात, हे घर बदलताना पुस्तकांची खोकी उचललेल्या कोणालाही विचारावे. नाममात्र भाड्यात दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा, हा वाद तर मुंबईत नवा नाहीच. जून 2005 मध्ये जागतिक स्मारक निधीने जगातल्या शंभर धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत तिचे नाव जाहीर केले आणि पुढच्याच महिन्यात तिच्या दर्शनी भागाचा काही हिस्सा कोसळून एकाचा जीव गेला. 2018 मध्ये हा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. पुढच्या वर्षी इमारत रिकामी करण्यात आली, आणि ती पाडावी की जगवावी हा प्रश्न उच्च न्यायालयासमोर गेला; तज्ज्ञांतही त्यावर दोन मते पडली.

जगवायची तर कशी, याचे उत्तर धातूच देतो. बिडाला नेहमीचे वेल्डिंग मानवत नाही. एका जागी तापलेला भाग थंड होताना आकसतो आणि भेगेशेजारी नवी भेग पडते. म्हणून भेगेच्या आडवी भोके पाडून त्यांत धातूच्या पट्ट्या न तापवता ठोकून बसवतात, जणू टाकेच घालतात. घडीव लोखंडाची कुजलेली पट्टी कापून तेथे पोलादी पट्टी बोल्टने जोडता येते. जो खांब आतून पेन्सिलीच्या शिशासारखा झाला आहे, तो मात्र टेकू देऊन बदलावाच लागतो. असा नवा भाग जुन्याच्या नक्षीत मिसळून जावा, पण पुढच्या तपासनिसाची फसगत होऊ नये, म्हणून जतनकार त्याच्या आतल्या, सहज न दिसणाऱ्या बाजूला तो ओतल्याचे वर्ष उमटवून ठेवतात.