द्विपाद यंत्रमानवाची चाल

द्विपाद यंत्रमानवाची चाल : दोन पायांच्या यंत्रमानवाला तोल न जाऊ देता चालवण्याचे तंत्र व त्यामागील गतिकी. कारखान्यातील यंत्रहस्त तळाशी बोल्टांनी जखडलेला असतो, त्यामुळे त्याच्या मोटरी लावतील तेवढा जोर कामी येतो. द्विपादाचा तळपाय जमिनीवर नुसता टेकलेला असतो. घोट्याने मर्यादेपेक्षा जास्त जोर लावला, तर शरीर सावरण्याऐवजी तळपायच टाचेवर किंवा चवड्यावर उलटतो. त्यात गुरुत्वमध्य कमरेच्या उंचीवर, आणि पावलाच्या बऱ्याच मोठ्या भागात आधार एकाच पायाचा. द्विपाद चालीतील जवळजवळ सर्व अडचणी या मांडणीतून निघतात.

‘स्थिर चाल’ या शब्दप्रयोगाचे निदान तीन अर्थ होतात व या विषयावरील शास्त्रीय वाङ्मयातील अनेक वाद त्यांच्या सरमिसळीतून झालेले दिसतात. पहिला अर्थ स्थितिक : गुरुत्वमध्यातून टाकलेला लंब सतत तळपायांनी व्यापलेल्या आधारक्षेत्रात पडला पाहिजे. अशी चाल कोणत्याही क्षणी गोठवली तरी यंत्र पडत नाही. तोक्योतील वासेदा विद्यापीठात इचिरो कातो यांच्या गटाने १९७३ मध्ये पूर्ण केलेला वाबोट-१ याच रीतीने, अतिशय संथ चालत असे. दुसरा अर्थ गतिशील तोलाचा, तिसरा पावलांच्या आवर्तनाचा.

शून्य परिबल बिंदू : गतिशील तोलाची सर्वांत रूढ कसोटी. अभियंते तिला ‘झेडएमपी’ (झीरो मोमेंट पॉइंट) या आद्याक्षरांनीच ओळखतात. जमीन तळपायावर ठिकठिकाणी जो दाब देते, त्याची गोळाबेरीज ज्या बिंदूतून लावता येते व जेथे आडव्या अक्षांभोवतीचे परिबल (फिरवणारा जोर) शून्य भरते, तो हा बिंदू. उभ्या अक्षाभोवतीचे परिबल शून्य असावे लागत नाही. त्यामुळे नाव तसे फसवेच आहे. बिंदू आधारक्षेत्राच्या आत असेपर्यंत तळपाय सपाट टेकून राहतो. कडेवर पोहोचला की उलटू लागतो.

कल्पनेचे जनकत्व बेलग्रेड येथील मिहाइलो पुपिन संस्थेतील मिओमिर वुकोब्राटोविच यांच्याकडे जाते. पक्षाघात झालेल्यांना चालवणाऱ्या बाह्यकंकालांवरील (अंगावर चढवायच्या यांत्रिक सांगाड्यांवरील) कामातून ती पुढे आली, हे यंत्रमानवांच्या इतिहासात अनेकदा राहून जाते. काळ साधारणतः १९६८-६९ धरला जातो. मात्र कल्पना आधी मांडली गेली व नाव नंतरच्या, १९७०-७२ च्या सुमाराच्या, लेखांतून रूढ झाले, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

वाद उरतो तो हा बिंदू आणि द्रवगतिकीतून परिचित असलेला दाबमध्य (सर्व दाबाची गोळाबेरीज जेथे पडते तो बिंदू) एकच की वेगळे याबद्दल. वुकोब्राटोविच व बोरोवाच यांच्या मते, तोल टिकून आहे तोवरच शून्य परिबल बिंदूला अस्तित्व; गणिताने तो आधारक्षेत्राबाहेर आला तर त्याला ‘काल्पनिक’ म्हणावे. अंबरीश गोस्वामी यांनी १९९९ मध्ये तळपाय उलटण्याचे माप म्हणून वेगळा बिंदू सुचवला. तो आधारक्षेत्राबाहेर जाऊ शकतो आणि किती बाहेर गेला यावरून असंतुलनाचे प्रमाण कळते. सार्दें व बेसोने यांनी २००४ मध्ये दाखवले की, सपाट जमिनीवर दाबमध्य व शून्य परिबल बिंदू एकाच ठिकाणी येतात. एकाची व्याख्या संपर्कबलांवरून होते, दुसऱ्याची गुरुत्व व निरूढी (जडत्व) यांवरून. तळपायातील बलसंवेदकांना शेवटी एकच आकडा मिळतो, हे पाहता ही मांडणी स्वीकारण्यास हरकत नसावी. संज्ञा मात्र दोन्ही चालू राहिल्या.

‘पहिली गतिशील चाल’ कोणाची, याचे उत्तरही व्याख्येवर ठरते. तोक्यो विद्यापीठात मिउरा व शिमोयामा यांनी १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात बनवलेले बायपर मालिकेतील यंत्र काठ्यांवर उभे असल्यासारखे होते. घोट्याचा जोर नसल्यामुळे एका जागी उभे राहण्यासाठीही ते पावले टाकत राही. तळपाय व शून्य परिबल बिंदूचे नियंत्रण असलेली चाल आवश्यक धरली, तर मान वासेदाच्या डब्ल्यूएल-१०आरडीकडे (सु. १९८४) जातो. त्याचे एक पाऊल सुमारे १.३ सेकंदांत पडे.

उलटा लंबक : तळहातावर काठी उभी तोलण्याचा खेळ आणि चालणे यांचे गणित जवळपास एकच आहे. शूजी काजिता यांनी १९९० च्या सुमारास कंबर एकाच उंचीवर ठेवण्याची अट घालून हे गणित रेषीय केले. एसटी सुटताना उभ्या प्रवाशाचा भार टाचेवर जातो, तसाच हा हिशोब : गुरुत्वमध्य ०.९ मी. उंचीवर असेल आणि शरीर पुढे १ मी./से.² या प्रवेगाने जात असेल, तर दाबाचा बिंदू सुमारे ९ सेंमी. मागे सरकतो. वीतभर तळपायात इतकी सूट फार झाली. म्हणून पुढची पावले कोठे पडणार हे दीडएक सेकंद आधी पाहून शरीर अगोदरच झुकवावे लागते. काजिता व सहकाऱ्यांची २००३ मधील पूर्वदर्शी नियंत्रणाची पद्धत हेच करते. धक्का बसल्यास पाऊल कोठे टाकले म्हणजे यंत्र थांबेल, तेही याच लंबकावरून काढता येते : त्याच उंचीला व ०.५ मी./से. वेगाला गुरुत्वमध्याच्या सुमारे १५ सेंमी. पुढे.

होंडा कंपनीची यंत्रे या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध. १९८६ मधील ई-० ला एका पावलास सुमारे ५ सेकंद लागत. १९९६ मध्ये जाहीर झालेला पी-२ १८२ सेंमी. उंच व २१० किग्रॅ. वजनाचा होता, त्यापाठोपाठ २००० मध्ये असिमो आला. या घराण्याची गुडघे मोडून चालण्याची लकब मुख्यतः गणिताच्या सोयीची आहे : पाय सरळ झाला की सांध्यांच्या समीकरणांची उकल बिघडते आणि कंबरेची उंचीही राखता येत नाही. त्याची किंमत ऊर्जेत मोजावी लागते.

निष्क्रिय चाल : टॅड मॅकगीर यांनी १९९० मध्ये कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठातून दाखवले की, मोटर नसलेले पाय हलक्या उतारावर आपोआप चालतात. तत्त्व खेळण्यांतून जुनेच होते. अमेरिकेत अशा खेळण्याचे एकस्व (पेटंट) १८८८ मधील आहे. येथे दर क्षणी तोल साधण्याचा आग्रह नाही. यंत्र दर पावलाला पुढे पडते व पुढच्या पायावर सावरते. लहानसा अडथळा काही पावलांत विरून गेला की चाल स्थिर. हा वर सांगितलेला तिसरा अर्थ. कॉलिन्स व सहकाऱ्यांच्या २००५ मधील अंदाजानुसार, दर एकक वजन व अंतरामागे असिमोचा ऊर्जाखर्च सुमारे ३.२ (हे निव्वळ गुणोत्तर आहे), तर कॉर्नेल विद्यापीठातील निष्क्रिय तत्त्वाच्या यंत्राचा ०.२, म्हणजे माणसाइतकाच. अर्थात त्या यंत्राला जिने चढता येत नव्हते.

शिकवलेली चाल : समीकरणे हाताने मांडण्याऐवजी प्रयत्न, चूक व गुणांकन यांतून चाल शिकवण्याची पद्धत (रीइन्फोर्समेंट लर्निंग). मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेतील टॉडलर हे छोटे यंत्र २००४ मध्ये सुमारे २० मिनिटांत चालायला शिकले. मात्र त्याच्या शरीराची घडण निष्क्रिय चालीची होती, म्हणजे निम्मे काम शरीरानेच केलेले होते. मोठ्या यंत्राला हजारो वेळा पडू देणे परवडत नाही. म्हणून सराव संगणकातील सदृशीकरणात (सिम्युलेशन) होतो आणि तेथे घर्षण, वजन, मोटरचा प्रतिसाद, संदेशातील विलंब हे दर फेरीला मुद्दाम बदलले जातात, जेणेकरून प्रत्यक्ष जमीन ही त्यांतलीच आणखी एक ठरावी. गुण केवळ वेगाला दिले, तर यंत्र पुढे झेपावून पडण्याची किंवा पाय फरफटवण्याची युक्ती शोधते. गुणांची वाटणी हीच यातली खरी कारागिरी.

ऑरेगन राज्य विद्यापीठातील धड नसलेल्या कॅसी यंत्राने २०२१ मध्ये अशा रीतीने कॅमेऱ्याविना जिने चढून दाखवले व ५ किमी. अंतर सुमारे ५३ मिनिटांत पार केले. त्यात ते दोनदा पडले : एकदा संगणक तापल्यामुळे, एकदा फार वेगात वळण घेतल्यामुळे. २०२२ मध्ये त्याने १०० मी. अंतर २४.७३ सेकंदांत कापले. उभ्याने सुरुवात व उभ्यानेच शेवट ही त्यात अट होती, आणि धावण्यापेक्षा तीच अधिक कठीण ठरली.

जाहीर चाचण्यांपैकी दोन उल्लेखनीय आहेत. कॅलिफोर्नियातील पोमोना येथे जून २०१५ मध्ये झालेल्या, दार्पा या अमेरिकी संरक्षण संशोधन संस्थेच्या स्पर्धेत अनेक यंत्रे दारात व पायऱ्यांवर कोसळली. विजेते कोरियन हुबो गुडघे टेकून चाकांवर सरकत असे. बीजिंगमध्ये १९ एप्रिल २०२५ रोजी झालेल्या अर्धमॅरेथॉनमध्ये यंत्रमानवांत पहिला आलेला त्यांगोंग २ तास ४० मिनिटे ४२ सेकंदांत पोहोचला, वाटेत तीनदा बॅटरी बदलून.

भारतात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील स्टॉक ही मालिका चतुष्पाद आहे. इस्रोने २०२० मध्ये दाखवलेल्या व्योममित्र या मानवसदृश यंत्राला पाय नाहीत. अवकाशयानात त्यांची गरजही नाही.