‘जँगो’चे डझनावारी भाग? नाही, दोनच

चिखलातून शवपेटी ओढत येणारा, प्रेयसीच्या खुनाचा सूड उगवणारा जँगो, त्याच नावाच्या इटालियन सिनेमाचा नायक. त्याच्याबद्दल वर्षानुवर्षं सांगितलं जातं की या सिनेमाचे डझनावारी पुढचे भाग निघाले. हे चूक आहे.

दिग्दर्शक सर्जिओ कोर्बुची यांचा ‘जँगो’ आला १९६६ साली, नायक फ्रँको नीरो. अधिकृत पुढचा भाग एकच, १९८७ चा. नीरो तेच, दिग्दर्शक मात्र वेगळा.

मग बाकीचे? मूळ सिनेमा युरोपात, विशेषतः पश्चिम जर्मनीत, तुफान चालला. तिथल्या वितरकांनी भलत्याच इटालियन वेस्टर्नपटांना (जुन्या अमेरिकेतल्या बंदूकबाजांच्या सिनेमांना) हे नाव चिकटवलं. नीरोंचाच ‘टेक्सास, अद्दिओ’ तिथे जँगोच्या नावाने लागला, कथेत जँगो नसताना! काही निर्मात्यांनी नुसतं नाव उचलून नव्या कथा रचल्या. अमेरिकन दिग्दर्शक टॅरंटिनोचा २०१२ चा ‘जँगो अनचेन्ड’ही पुढचा भाग नव्हे, गुलामगिरीतून सुटलेल्या नायकाची ती स्वतंत्र कथा आहे. नीरो त्यात पाहुण्या भूमिकेत दिसतात, म्हणून गैरसमज आणखी पक्का झाला असावा.

या गर्दीत मूळ सिनेमाची धग हरवते, याचं मला खरंच वाईट वाटतं. हात चिरडलेला नायक स्मशानात पिस्तूल चालवतो, तो प्रसंग आजही अंगावर येतो. ब्रिटनच्या सेन्सॉरने तर १९९३ पर्यंत या सिनेमाला प्रमाणपत्रच दिलं नव्हतं.