मोटरहोममधील जलवाहिन्यांचे गोठण

मोटरहोममधील जलवाहिन्यांचे गोठण : राहण्याची सोय असलेल्या मोटारवाहनातील नळ्या, टाक्या, पंप आणि झडपा यांतील पाणी कडाक्याच्या थंडीत गोठणे, त्यामुळे पाणीपुरवठा व सांडपाण्याचा निचरा बंद पडणे किंवा जोड फुटणे, तसेच हे टाळण्यासाठी आणि झाल्यास निस्तरण्यासाठी योजले जाणारे उपाय. हा प्रश्न प्रामुख्याने अमेरिकेची संयुक्त संस्थाने, कॅनडा आणि मध्य व उत्तर युरोप येथील आहे. घरातील नळ गोठण्याशी त्याचे साम्य असले, तरी दोहोंत महत्त्वाचे फरक आहेत. वाहनाच्या भिंती पातळ असतात, नळ्यांचा बराच भाग फरशीखाली असतो आणि त्याखाली जमीन नसून मोकळी हवा खेळत असते. शिवाय वाहनातील नळ्यांचे जाळे दोन्ही टोकांना झडपांनी बंद झालेले असते. हा शेवटचा फरक निर्णायक असून उत्पादकांच्या माहितीपुस्तिकांत त्याची दखल क्वचितच घेतलेली आढळते.

मोटरहोमचा प्रारंभ नेमका कोठून मानावा याविषयी एकमत नाही. १९१० मध्ये न्यूयॉर्क येथील मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील प्रदर्शनात मांडलेली पिअर्स-ॲरो कंपनीची ‘टूरिंग लँडॉ’ ही गाडी अनेक अभ्यासक आद्य नमुना मानतात. तीत हात धुण्याची घडीची कुंडी होती. मात्र पंपाच्या दाबावर चालणारी पाणीव्यवस्था सर्वसामान्य वाहनांत बरीच नंतर, बहुधा दुसऱ्या महायुद्धानंतर रुळली. आयोवा राज्यातील विनेबेगो कंपनीने १९६६ मध्ये मोटरहोमचे उत्पादन सुरू केल्यावर या व्यवस्थेचा प्रसार वेगाने झाला. हिवाळ्यात दक्षिणेकडे, म्हणजे फ्लॉरिडा किंवा ॲरिझोनाकडे, मुक्काम हलवण्याची प्रथा या वाहनांच्या मालकांत आधीपासूनच होती. ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ ही प्रवाशांची संघटना १९१९ मध्ये फ्लॉरिडातील टँपा येथेच स्थापन झाली. पुष्कळ वाहनांची रचना सौम्य हवामान गृहीत धरून केलेली असते, त्यामागे ही प्रथा असावी.

व्यवस्थेची रचना थोडक्यात अशी : वापराच्या पाण्याची टाकी, १२ व्होल्टवर चालणारा पडदापंप, वॉटर हीटर, गरम व थंड पाण्याच्या स्वतंत्र नळ्या, आणि सांडपाणी व मैला यांच्या दोन टाक्या. बाहेरील नळ जोडण्यासाठी वाहनाच्या बाजूस एक तोंड असते. पंपात आणि या तोंडात चेक व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने सोडणारी झडप असते. नळ्या सुमारे १९७८ ते १९९५ या काळात पुष्कळदा पॉलिब्युटिलिनच्या असत. पुढे पेक्स या आडबंध असलेल्या पॉलिएथिलिनच्या नळ्यांनी त्यांची जागा घेतली.

गोठण्याचा क्रम : टाकी भरलेली आणि गोठलेली नसताना नळ मात्र कोरडे पडतात, हा नेहमीचा अनुभव असून त्याचे कारण साध्या हिशेबाने कळते. शून्य अंश तापमानाच्या एक किलोग्रॅम पाण्याचे बर्फ होताना सुमारे ३३४ किलोजूल उष्णता बाहेर पडावी लागते. दीडशे लिटरच्या टाकीतील सर्व पाणी गोठण्यास म्हणजे सुमारे ५०,००० किलोजूल, जवळजवळ १४ किलोवॅट-तास इतकी उष्णता जावी लागते. याउलट अर्धा इंची पेक्स नळीचा आतील व्यास सुमारे १२.३ मिलिमीटर असल्याने तिच्या एका मीटरमध्ये जेमतेम ०.१२ लिटर पाणी मावते. ते गोठण्यास ४० किलोजूल पुरतात. एवढी उष्णता ११ वॅटच्या आसपासच्या गळतीने एका तासात निघून जाते. म्हणूनच रात्रीच्या थंडीत प्रथम गोठतात त्या बाहेरील भिंतीला चिकटून गेलेल्या नळ्या, फरशीखालचे एल्बो (वळणावरचे जोड) आणि बाहेरून जोडलेला रबरी पाइप. वारा हे गोठणे लवकर घडवून आणतो. मात्र हवेचे तापमान शून्याच्या वर असेल, तर निव्वळ वाऱ्यामुळे कोरडी नळी त्या तापमानाखाली जात नाही. हवामानवृत्तातील ‘जाणवणारे तापमान’ हा आकडा माणसाच्या त्वचेसाठी आहे, नळ्यांसाठी नव्हे. निरोधक आवरणही उष्णता जाण्यास विलंब लावते, ती निर्माण करत नाही. आवरण घातलेली पण उष्णतेचा स्रोत नसलेली नळी उशिरा का होईना, गोठतेच.

फुटण्याचे कारण : पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्के वाढते, यात वाद नाही. वाद आहे तो नळी कशाने फुटते याविषयी. जुन्या आणि अद्याप लोकप्रिय असलेल्या स्पष्टीकरणानुसार बर्फ फुगून नळीच्या भिंतीला आतून रेटतो आणि बर्फ असतो तेथेच नळी तडकते. इलिनॉय विद्यापीठातील जे. आर. गॉर्डन यांनी घरगुती नळांवर केलेल्या आणि १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून निराळे चित्र पुढे आले. बर्फाचा बोळा नळी पूर्ण बंद करतो, तो वाढत जाताना त्याच्या आणि बंद नळाच्या मध्ये अडकलेले, अद्याप द्रवरूप असलेले पाणी दाबले जाते, आणि या पाण्याच्या दाबाने नळी फुटते. त्यामुळे फुटण्याची जागा बर्फाच्या जागेपासून दूरही असू शकते. प्रत्यक्ष नुकसानीच्या नोंदी पाहता हे दुसरे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते. दाब किती वाढू शकतो याचा अंदाज बर्फाच्या वितळणबिंदूवरून येतो : तो एक अंशाने खाली आणण्यास सुमारे १३० वातावरणांइतका (एक वातावरण म्हणजे समुद्रसपाटीवरील हवेचा दाब) दाब लागतो, म्हणजे पूर्ण कोंडलेल्या पाण्यात तापमान शून्याखाली चार-पाच अंश गेले, तर तत्त्वतः काहीशे वातावरणांचा दाब निर्माण होऊ शकतो. नेहमीच्या तापमानाला पेक्स नळीची अनुज्ञेय दाबमर्यादा सुमारे ११ वातावरणे आहे. नळी ताणली जाते म्हणून ती पुष्कळदा बचावते. तडकतात ते प्लॅस्टिकचे जोड, पंपाचे डोके, गाळणीचे भांडे आणि शौचकुंडीची पाणझडप.

घरात बोळ्याच्या मागील बाजूचे पाणी नगरपालिकेच्या मुख्य नळाकडे मागे सरकू शकते. मोटरहोममध्ये पंपाचा व बाहेरील तोंडाचा असे दोन्ही चेक व्हॉल्व्ह हा मार्ग बंद करतात. हीटरच्या टाकीत हवेची पोकळी असते आणि ती थोडा दाब सोसते. तथापि हीटरच्या निर्गमाशी आणखी एक चेक व्हॉल्व्ह असल्यास गरम पाण्याच्या नळ्यांना तिचा उपयोग होत नाही. यावरून निघणारा निष्कर्ष व्यवहारात अत्यंत महत्त्वाचा आहे : गोठण्याची शक्यता असलेल्या रात्री पंप बंद करून सर्व नळ, गरम व थंड दोन्ही, उघडे ठेवले, तर पाणी गोठले तरी फुटण्याचा धोका पुष्कळ कमी होतो.

गरम पाण्याची नळी आधी गोठते, हे विधान नळकारागिरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. कोमट पाणी लवकर गोठते ही समजूत ॲरिस्टॉटलनेही नोंदवली आहे. एफ. सी. ब्राउन यांनी १९१६ मध्ये घरगुती नळांच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला. त्यांच्या मांडणीचा रोख असा, की गरम पाण्याची नळी आधी गोठते असे नसून ती अधिक वेळा फुटते. टांझानियातील विद्यार्थी इरॅस्टो एम्पेंबा याने १९६३ मध्ये केलेले आणि १९६९ मध्ये डेनिस ऑझबर्न यांच्यासह प्रसिद्ध केलेले, गरम मिश्रण थंड मिश्रणाआधी गोठल्याचे निरीक्षण पुढे या चर्चेत आणले गेले. परंतु ते उघड्या भांड्यातील आइस्क्रीमच्या मिश्रणाविषयी होते, आणि २०१६ मध्ये बरिज व लिंडन यांनी केलेल्या काळजीपूर्वक प्रयोगांत गरम पाणी आधी शून्य अंशाला पोहोचते याला आधार मिळाला नाही. नळ्यांपुरते अधिक समाधानकारक उत्तर अतिशीतनात मिळते. पाणी तापवल्याने त्यातील विरलेली हवा आणि स्फटिकीभवनास आधार देणारे काही कण कमी होतात, त्यामुळे ते शून्याखाली काही अंशांपर्यंत द्रवरूपच राहते, आणि मग एकाएकी गोठते. ॲल्बर्टा विद्यापीठातील आर. आर. गिल्पिन यांनी १९७७ मध्ये दाखवून दिले, की असे अतिशीत पाणी गोठताना नळीच्या भिंतीवर शांतपणे बर्फाचे कडे धरत नाही, तर फांद्या फुटल्याप्रमाणे पसरणाऱ्या पातळ स्फटिकांचे जाळे नळीच्या संपूर्ण छेदात उभे राहते. पाण्याचा थोडाच भाग गोठलेला असताना प्रवाह अडतो आणि पुढचे पाणी कोंडले जाते. न तापवलेल्या पाण्यात मध्ये वाट दीर्घकाळ मोकळी राहते. मोटरहोममध्ये दोन्ही नळ्या बहुधा शेजारून जात असल्याने या फरकाचे निरीक्षण तेथे सोपे असले, तरी हीटर बंद असल्यास आणि पाणी कित्येक दिवस साचलेले असल्यास तो पुसट होतो.

गॉर्डन यांच्या अभ्यासातून −६.७° से. हा इशाऱ्याचा उंबरठा रूढ झाला. तो घराच्या माळ्यावरील निरोधन नसलेल्या नळांसाठी आहे. मोटरहोमला हा आकडा जसाच्या तसा लावणे योग्य नव्हे. उघड्यावर पडलेला पाणीपुरवठ्याचा पाइप त्याहून सौम्य थंडीतही रात्रीत गोठतो, तर फरशीखालच्या बंदिस्त, ऊबदार पोटभागातील नळ्या त्याहून बऱ्याच कडक थंडीत टिकतात.

प्रतिबंध : युरोपात मोटरहोमच्या ऊबदारपणाची प्रतवारी ईएन १६४६-१ या मानकाने केली जाते. तिसऱ्या, म्हणजे सर्वोच्च प्रतीच्या वाहनात बाहेर −१५° से. असताना आत २०° से. तापमान राखता यावे आणि पाणीव्यवस्था चालू राहावी अशी अपेक्षा असते. उत्तर अमेरिकेत ‘चारही ऋतूंसाठी’ असे बिरुद उत्पादक लावतात, मात्र त्याला अशी बंधनकारक व्याख्या नाही. जर्मनीतील ट्रुमा कंपनीच्या हीटरना जोडली जाणारी एक झडप तापमान सुमारे ३° से.पर्यंत उतरले, की आपोआप उघडून हीटर रिकामा करते. पाणी जाते, पण यंत्र वाचते. स्वीडनमधील आल्डे कंपनीच्या व्यवस्थेत गरम द्रव नळ्यांतून संपूर्ण वाहनात फिरवला जातो.

अमेरिकी वाहनांत गॅसवरील भट्टीच्या गरम हवेचा एक फाटा फरशीखालील बंदिस्त पोटभागात सोडलेला असतो. येथे एक चूक वारंवार होते. गॅस वाचवण्यासाठी बैठकीत विजेचा हीटर लावला जातो, त्याने खोली ऊबदार होते, तापमाननियंत्रक भट्टी सुरूच होऊ देत नाही, आणि नळ्या व टाक्या असलेल्या पोटभागात गरम हवा मुळीच पोहोचत नाही. राहणाऱ्यांना थंडी जाणवतही नाही आणि खाली पाणी गोठते. कडाक्याच्या थंडीत विजेचा हीटर पूरक म्हणूनच वापरावा. गॅसच्या बाबतीत ब्युटेन वर्ज्य मानावे लागते, कारण ते सुमारे −०.५° से.खाली वायुरूप होत नाही. प्रोपेनचा उत्कलनबिंदू −४२° से. आहे.

मुक्कामतळावरील पाणी शक्यतो टाकीत भरून घ्यावे आणि पाइप सोडवून ठेवावा. तेथील गोठणरोधक नळखांबाची झडप जमिनीत गोठणरेषेच्या, म्हणजे हिवाळ्यात जमीन जेथवर गोठते त्या खोलीच्या, खाली असते आणि नळ बंद केल्यावर खांबातील पाणी तळच्या खडीत झिरपून जाते. पाइप जोडलेला राहिल्यास हा निचरा अडतो आणि खांबच फुटतो. विजेचा तापपट्टा असलेला पाइप वापरला, तरी त्याचे आणि नळाचे जोड उघडे राहतात. नळाची बारीक धार सोडण्याचा घरगुती उपाय येथे गैरलागू आहे, कारण त्याने सांडपाण्याची टाकी भरते, किंवा तिची झडप उघडी असल्यास निचऱ्याच्या नळीत थराथराने बर्फ साचून ती बुजते. झडप बंद ठेवून टाकी भरत आल्यावर एकदम रिकामी करणे श्रेयस्कर.

वाहन वापरात नसताना पाणी पूर्ण काढून टाकणे हाच खात्रीचा मार्ग होय. सर्वांत खालच्या पातळीवरील निचरातोंडे उघडतात, हीटर रिकामा करून बगलमार्गाने (बायपास) वगळतात, आणि नंतर एकतर २ ते २.७ वातावरणांच्या दाबाची हवा फुंकून उरलेले पाणी घालवतात किंवा गुलाबी रंगाचा प्रोपिलीन ग्लायकॉलचा गोठणरोधक पंपाने नळ्यांत खेळवतात. हीटर वगळल्यास याचे साधारण ७ ते ११ लिटर पुरतात. बेसिनखालच्या ट्रॅपमध्येही थोडा ओततात. इंजिनातील एथिलीन ग्लायकॉल विषारी असल्याने पिण्याच्या नळ्यांत कदापि घालू नये. गुलाबी गोठणरोधकाच्या डब्यावरील −४६° से. हा आकडा त्याचा गोठणबिंदू नव्हे. त्या द्रवाचा −१० ते −१२° से.च्या सुमारास चिखलासारखा लगदा होऊ लागतो, पण तो सरकू शकत असल्याने नळी फोडत नाही. नळ्यांत आधीचे पाणी शिल्लक राहिल्यास द्रव पातळ होऊन हे संरक्षण कमी होते, म्हणून प्रत्येक नळातून गडद गुलाबी धार येईपर्यंत तो सोडावा.

गोठलेली व्यवस्था मोकळी करणे : प्रथम पंप व वॉटर हीटरचा विद्युत घटक बंद करावा, कोरड्या टाकीत घटक जळतो. सर्व नळ उघडावेत आणि ऊब नळाच्या टोकाकडून बोळ्याकडे नेत जावी, म्हणजे वितळलेल्या पाण्यास व वाफेस वाट राहते. कपाटांची दारे उघडून भट्टी चालू ठेवणे हा संथ पण सर्वांत सुरक्षित उपाय. पोहोचता येईल तेथे केस वाळवण्याचे यंत्र वापरतात. उघडी ज्योत वापरू नये : लाकडी चौकट, फोम आणि गॅसनळ्या हातभर अंतरावर असतात. बंद वाहनात स्वयंपाकाची शेगडी उबेसाठी पेटवल्याने कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा होऊ शकते. सांडपाण्याच्या टाकीची सरकती झडप अडली, तर तिचा दांडा ओढू नये; तो निसटतो किंवा पाते चिरते. झडपेभोवती ऊब द्यावी आणि टाकीत गोठणरोधक ओतून वाट पाहावी.

बर्फ असेपर्यंत तडा लपलेला असतो, गळती वितळल्यावरच दिसते. त्यामुळे पाणी वाहू लागल्यावर सर्व नळ बंद करून पंप चालू ठेवतात. दाब पुरेसा झाल्यावर पंप थांबला आणि थांबलेलाच राहिला, तर नळ्या शाबूत समजाव्यात. काही मिनिटांनी तो आपोआप पुन्हा धडधडला, तर कोठेतरी पाणी निसटत आहे. अशा वेळी पंपाचा स्वतःचा चेक व्हॉल्व्ह तर निकामी झाला नाही ना, हे पाहून मग फरशीखालचे जोड कोरड्या कागदाने एकेक करून तपासतात.