गरम झाली की बंद पडणारी गाडी आणि क्रँक सेन्सर

गाडी अर्धा तास मस्त चालते, मग सिग्नलला नाहीतर घाटात अचानक बंद पडते, सेल्फ मारला तर इंजिन फिरतं पण चालू काही होत नाही, आणि थोडा वेळ थंड होऊ दिली की लगेच स्टार्ट. असं होत असेल तर फ्युएल पंप बदलायच्या आधी क्रँक सेन्सर तपासा, अगदी कळकळीने सांगतोय, कारण यात लोकांचे फुकट पैसे जातात.

क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनचा मुख्य दांडा, या क्षणी नेमका कुठे आहे हे ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, हा सेन्सर सांगतो. समोर एक दातेरी चाक फिरत असतं, बऱ्याच गाड्यांत ६० दात्यांची जागा पण दाते ५८च, दोन मुद्दाम गाळलेले, त्या गॅपवरून ईसीयूला फेरीची सुरुवात कळते आणि पुढचा प्रत्येक दाता म्हणजे ६ अंश. ८०० आरपीएमला सेकंदाला ७७० च्या आसपास दाते जातात, त्या मोजणीवरच स्पार्क कधी आणि पेट्रोल कधी हे ठरतं. सिग्नल गेला की ईसीयूला वाटतं इंजिन थांबलं, मग सगळंच बंद.

आता गरम झाल्यावरच का? दोन वायरीच्या सेन्सरमध्ये चुंबक आणि त्याभोवती अगदी बारीक तांब्याच्या तारेची कॉइल असते, दाता जवळून गेला की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि कॉइलमध्ये व्होल्टेज तयार होतं, फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं तेच. वर्षानुवर्षं तापून-थंडावून ही तार आत कुठेतरी तुटते, थंड असताना टोकं टेकलेली राहतात, तापली की सुटतात. म्हणून थंड गाडीवर मल्टिमीटर लावून 'सेन्सर ओके आहे' म्हणणं चुकीचं! हेअर ड्रायरने तापवून मोजा. तांबं ७५ अंशांनी तापलं की रेझिस्टन्स साधारण ३० टक्के वाढतोच, ते नॉर्मल, पण मीटर एकदम ओपन, म्हणजे सर्किट तुटलेलं, दाखवायला लागला तर कॉइल गेली.

तीन वायरीचा असेल तर तो बहुतेक हॉल सेन्सर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र ओळखणारी इलेक्ट्रॉनिक चिप, तिथे ओहम मोजून काही हाती लागत नाही, सप्लाय आणि अर्थिंग येतंय का बघायचं आणि मग सिग्नल.

स्कॅनरवर पी०३३५ कोड आला की लगेच सेन्सर बदलतात, पण तो कोड सर्किटबद्दल आहे, त्यात वायर, कपलर (वायरींचा जोड) सगळं आलं. आधी सेल्फ मारताना लाइव्ह डेटात आरपीएम बघा, इंजिन फिरतंय तरी शून्यच असेल तर सिग्नल पोचत नाहीये. मग कपलरमध्ये ऑइल शिरलंय का, वायर कुठे घासलीय का, सेन्सरच्या टोकाला लोखंडाचा कीस चिकटलाय का ते बघा.

नवा बसवताना बसायची जागा स्वच्छ पुसून घ्या, सेन्सर आणि दातेरी चाकातला गॅप वाढला तर नवा सेन्सरही नीट सिग्नल देणार नाही, आणि काही गाड्यांत स्कॅनरने री-लर्न (ईसीयूला नव्या सेन्सरची ओळख करून देणं) करावं लागतं ते मेकॅनिकला आधीच विचारा.